उलटं रंगवलेलं आकाश

गल्लीत त्यांना सगळे छतवाले काका म्हणत. धंदा रंगाऱ्याचा. भिंती रंगवत, दारं-खिडक्याही रंगवत, पण नाव झालं ते छतामुळे. छत रंगवणं हे रंगाऱ्यांच्या जगात नावडतं काम. रंग कोपरापर्यंत ओघळतो, डोळ्यांत जातो आणि मान अशी धरते की दुसऱ्या दिवशी कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागतं. बाकीचे रंगारी छताचं काम निघालं की कुणाला तरी आजारी पाडून सटकत. काका मात्र शिडीवर चढले की खुशीत.

"भिंतीला माणसं टेकतात, खिळे ठोकतात, पोरं रेघोट्या मारतात," ते म्हणत. "छताच्या वाटेला कुणी जात नाही. आपण रंगवलं ते तसंच राहतं."

दिवसभर वर बघून बघून मान इतकी अवघडायची की संध्याकाळी घरी येताना ते खाली मान घालून चालत. त्यामुळे गल्लीत फार सभ्य गृहस्थ म्हणून त्यांचा लौकिक होता. काकू म्हणायच्या, "सभ्य कसले, मान वर होत नाही म्हणून." आणि त्याच मानेपायी साठी जवळ आली तरी आकाश त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते डोक्यावर आहे आणि त्याला रंग लावावा लागत नाही, एवढीच त्यांची आकाशाबद्दलची माहिती.

बाजाराच्या मागच्या रस्त्याला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दातांचा दवाखाना होता. डॉक्टरीण तरुण, हाताने हलकी आणि बोलायला भरभर. तिच्या छताला ओलीचा मोठा डाग पडला होता. पेशंट खुर्चीत आडवा झाला की तोंड उघडं, डोळे उघडे आणि समोर तो डाग. एकाला त्यात मगर दिसायची, एकीला तिची सासू. डॉक्टरणीने काकांना बोलावून घेतलं.

"काका, डाग काढा, पण पांढरा रंग नको. पांढऱ्याकडे बघत पडलं की लोकांना मशीनचा आवाज जास्त ऐकू येतो. आकाश काढा. रात्रीचं."

"काढू की. निळ्यावर ठिपके."

"ठिपके नकोत हो. खरं आकाश. आणि शुक्र हवाच, मला तेवढा एकच ओळखता येतो." असं म्हणून तिने मासिकातून कापलेलं एक पान त्यांच्या हातात ठेवलं. त्यावर गोल नकाशा होता, हिवाळ्यातल्या आकाशाचा.

घरी येऊन काकांनी तो टेबलावर पसरला आणि चष्मा लावला. वर उत्तर, खाली दक्षिण. ठीक. पण डावीकडे लिहिलं होतं पूर्व आणि उजवीकडे पश्चिम. काका खो खो हसले.

"अगं, हे बघ छापणाऱ्यांचे प्रताप! पूर्व-पश्चिमेची अदलाबदल करून बसलेत."

काकू शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी मान लांब करून पाहिलं. "असेल काही कारण."

"कारण कसलं? जन्म गेला घरं रंगवण्यात. कुठल्या घराच्या नकाशात पूर्व डावीकडे असते?"

"पण हा घराचा नकाशा कुठाय?"

हा प्रश्न काकांनी ऐकलाच नाही. पातळ कागदावर त्यांनी नकाशा मोठा करून उतरवला, प्रत्येक ताऱ्याच्या जागी सुईने भोक पाडलं आणि दवाखान्याच्या छताला तो कागद लावताना मुद्दाम पालथा करून लावला. झाली पूर्व उजवीकडे. मग भोकांवरून खडूच्या पुडीची पोटली थोपटली की छतावर पांढरे ठिपके उमटत, आणि प्रत्येक ठिपक्यावर काका ब्रशच्या टोकाने रुपेरी तारा बसवत.

एकच अडचण होती. दिव्याच्या शेजारी, जुन्या पंख्याचा हूक कापून त्यावर कुणीतरी गिलावा थापला होता. त्याची लिंबाएवढी गाठ झाली होती. खरवडायला जावं तर सगळा गिलावाच हाती यायचा. काकांनी थोडा विचार केला आणि त्या गाठीला पिवळसर पांढरा रंग देऊन टाकला. डॉक्टरणीचा शुक्र झाला!

दवाखाना गाजला. लोक खुर्चीत पडल्या पडल्या "अरे वा" म्हणत, आणि "वा"साठी तोंड उघडलं की डॉक्टरीण आत आरसा घाले. एक गृहस्थ तर दातात सिमेंट भरून घेता घेता झोपी गेले. काकांनाही वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोठं काम झालं. ते अधूनमधून उगाच दवाखान्यात डोकावत आणि "दात बरा आहे ना सगळ्यांचा?" असं विचारून छताकडे बघून परत जात.

आणि मग एक दिवस त्या खुर्चीत तारेवाल्या बाई येऊन पडल्या.

बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून एकदा, सूर्य मावळला की वाचनालयाच्या गच्चीवर त्या नवशिक्यांना आकाश ओळखायला शिकवत. त्या दिवशी त्यांची दाढ काढायची होती. डॉक्टरणीने इंजेक्शन दिलं, बाईंनी शांतपणे डोळे उघडले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचं बोट छताकडे गेलं.

"आँ! आँऊऊ!"

"दुखतंय?" डॉक्टरणीने विचारलं.

बाईंनी जोरात मान हलवली. "उऽलऽ! उऽलऽआँ!"

"थांबा हं, अजून एक देते." डॉक्टरणीने आणखी एक इंजेक्शन दिलं. बाई अधिकच खवळल्या. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी पालथं करून दाखवलं. डॉक्टरणीला वाटलं, बाईंना उलटी होतेय. तिने भांडं पुढे केलं. भांडं ढकललं गेल्यावर तिने तिसरं इंजेक्शन दिलं. दाढ निघाली, पण बाईंचं तोंड नाकापासून हनुवटीपर्यंत लाकडाचं झालं, आणि बोट तसंच वर. शेवटी डॉक्टरणीने फोन लावला.

"काका, लवकर या. बाईंना छताचा त्रास होतोय."

काकांना वाटलं, शुक्र पडला. ते खरवडणी घेऊन धावत सुटले. येऊन बघतात तर शुक्र जागच्या जागी आणि खुर्चीत गालात कापूस धरलेल्या एक बाई त्यांच्याकडे रोखून बघतायत.

"हे हुम्ही काहलं?" बाई म्हणाल्या.

"काय म्हणतायत?"

"छान आहे म्हणतायत," डॉक्टरणीने सांगितलं.

बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मग डोळे मिटून त्या जीभ जागेवर यायची वाट बघत बसल्या. काका आणि डॉक्टरीण समोरच्या बाकावर निकाल लागायच्या आधी बसावं तसे बसून राहिले. बऱ्याच वेळाने बाईंना शब्द सापडले.

"उलटं आहे. तुमचं आकाश उलटं आहे."

काकांच्या डोक्यात तिडीक गेली, पण पेशंट बाई म्हणून ते सबुरीने म्हणाले, "उलटं वाटत असेल तर तुम्ही दुसऱ्या बाजूने झोपून बघा."

बाईंनी तेही केलं. डोकं ठेवायच्या जागी पाय आणि पायांच्या जागी डोकं करून त्या खुर्चीत पडल्या. "तरी उलटंच."

"असं कसं होईल?"

बाई उठल्या आणि दाराशी काढलेल्या काकांच्या चपलांमधली उजवी चप्पल उचलून घेऊन आल्या. "ही फिरवा. हवी तशी फिरवा. डाव्या पायाची होते का? नाही ना? तुम्ही आरशातलं आकाश काढलंय. हा बघा मृग. त्याच्या पोटात हे तीन तारे, एका रेषेत. ती रेघ अशी पुढे नेली की व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की तो मृगाच्या खाली डावीकडे दिसतो. तुम्ही उजवीकडे नेऊन ठेवलाय. रेघ दुसरीकडे नेली की रोहिणी, ती उजवीकडे हवी, ती डावीकडे. आणि हा मध्ये भोपळा कसला?"

"शुक्र."

"शुक्र? भर रात्री डोक्यावर? शुक्र सूर्याला सोडून लांब जातच नाही. संध्याकाळी मावळतीला दिसेल नाहीतर पहाटे उगवतीला. तो इथे कसा आला?"

"तिथे गाठ होती."

"कसली?"

"गिलाव्याची."

बाईंनी गालातला कापूस नीट सरकवला. "इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण ग्रह तिथे का आहे याचं हे कारण पहिल्यांदाच ऐकलं."

डॉक्टरीण हसायला लागली, तेव्हा मात्र काकांचा तोल गेला. "माझी काही चूक नाही. नकाशाच चुकीचा छापला होता. पूर्वेच्या जागी पश्चिम. मी तो दुरुस्त केला!"

बाई इतक्या हसल्या की गालातला कापूस बाहेर आला. "आज संध्याकाळी वाचनालयाच्या गच्चीवर या. नकाशा घेऊन या."

काका गेले ते बाईंना खोटं पाडायलाच. साक्षीला काकूंना घेतलं. गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या. दवाखान्याखालचा चष्मेवाला होता, कॉलेजातल्या दोन मुली होत्या आणि एक आजोबा होते, जे फक्त चारचौघांत उताणं पडायला मिळतं म्हणून येत. मावळतीचा लाल पट्टा विझत आला होता. हवेत गारवा होता.

"नकाशा काढा," बाई म्हणाल्या. "टेबलावर ठेवल्यासारखा नका धरू. डोक्यावर धरा, छत्रीसारखा. छापलेली बाजू खाली. आता उत्तर उत्तरेला करा. पूर्व कुठे आली?"

काकांनी नकाशा डोक्यावर धरला. पूर्व पाण्याच्या टाकीकडे आली. त्या टाकीमागून सूर्य उगवतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण ती टाकी त्यांनीच रंगवली होती आणि सकाळभर डोळ्यांवर ऊन घेतलं होतं. त्यांनी नकाशा खाली आणला. पूर्व डावीकडे. परत वर नेला. पूर्व टाकीकडे. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की शेजारच्या आजोबांना वारा लागायला लागला.

"जमिनीचा नकाशा आपण वरून खाली बघतो," बाई म्हणाल्या. "आकाशाचा खालून वर. तुम्ही कागद सरळ छताला चिकटवला असता ना, तर एकही तारा चुकला नसता."

काकांनी नकाशाची घडी घातली. काकूंनी संधी साधली. "मी म्हटलं होतं, असेल काही कारण."

हे वाक्य त्यांनी पुढे बरीच वर्षं वापरलं.

"आता पडा," बाई म्हणाल्या, आणि काका सतरंजीवर उताणे झाले. मानेखाली काकूंनी शाल घडी करून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच ते हातात ब्रश न घेता वर बघत होते. वरून काही ओघळत नव्हतं, डोळे बारीक करायचं कारण नव्हतं, पायाखाली शिडी डुगडुगत नव्हती. अंधार जसा दाट होत गेला तसा एकेक तारा फुटत गेला आणि मग दक्षिणेला, बरेच उंच, एका ओळीत, तीन. काकांनी ते तीन तारे सुईने टोचले होते, रुपेरी रंगाने भरले होते, पण ओळखीचं माणूस अचानक परक्या गावात भेटावं तसं त्यांना झालं. "तेच ते!" ते ओरडले. रेघ खाली डावीकडे नेली. व्याध भेटला, लखलखीत. रेघ वर उजवीकडे नेली. रोहिणी.

"बाई," काका म्हणाले, "ही तर नारिंगी आहे!"

"हो मग?"

"मी सगळे रुपेरी काढले." छत उलटं निघालं तेव्हा लागलं नव्हतं, एवढं त्यांना हे लागलं. चुकीची दिशा एक वेळ चालेल, पण रंग चुकला? ते उठून बसले. "रोहिणी म्हणजे पिकल्या जर्दाळूचा रंग. आणि हा मृगाच्या खांद्यावरचा विटकरीकडे झुकतोय."

"तो काक्षी. आणि पायाजवळचा राजन्य."

"तो निळसर पांढरा. हॉस्पिटलच्या जिन्याला आम्ही मारतो तो."

"रंगावरून तारा किती तापलाय ते कळतं," बाई म्हणाल्या. "तांबडे त्यातल्या त्यात थंड, निळसर जास्त गरम."

"आमच्यात उलटं. लाल रंग गरम, निळा थंड."

"तुमच्यात बरंच काही उलटं असतं," बाई म्हणाल्या, आणि आजोबा पडल्या पडल्या गदगदा हसले.

मग बाईंनी रोहिणीच्या पलीकडे कृत्तिकांचा पुंजका दाखवला आणि किती तारे मोजता येतात ते विचारलं. काकांना तिथे कुणी ओल्या रंगावर फुंकर मारल्यासारखं धुरकट काहीतरी दिसलं. काकूंना सहा तारे दिसले, वेगवेगळे. काकूंनी ते बोटाने मोजून दाखवले आणि घरी जाईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजले.

त्या दिवसापासून काकांना आकाशाने झपाटलं. संध्याकाळी ते आता मान वर करून चालायला लागले आणि लोकांना धडकायला लागले. सभ्य गृहस्थ हा लौकिक धुळीला मिळाला. नवशिक्याचा उत्साह असा की जे कळलं ते लगेच दुसऱ्याला सांगायचं. तारे लुकलुकतात, ग्रह शांत असतात, हे बाईंकडून ऐकलं त्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मंगळ शोधून काढला. लाल, शांत, पापणी न लवणारा. त्यांनी तो शेजारच्यांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना खाली बोलावून दाखवला. शेवटी बाईंना घरी आणलं.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. "कधीपासून आहे हा इथे?"

"रोज असतो. जागचा हलत नाही."

"तिथेच घोळ आहे. तारे-ग्रह सगळे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतात, कारण आपली पृथ्वी फिरते. जागचा न हलणारा एक ध्रुवतारा, आणि तो उत्तरेला. हा तुमचा मंगळ मोबाइलच्या टॉवरवर बसलाय."

"तरीच," काकू म्हणाल्या, "परवा वीज गेली तेव्हा मंगळही गेला होता."

छत मात्र काकांनी सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद असताना त्यांनी ते पुन्हा गडद निळं केलं. या वेळी कागद सरळ लावला. रोहिणीला जर्दाळू, काक्षीला वीट, राजन्याला जिना. उत्तरेच्या भिंतीकडे ध्रुव आला, त्याच्या एका अंगाला शर्मिष्ठेचे पाच तारे. बाई खुर्चीत पडून तपासत होत्या, काकू शिडी धरून उभ्या होत्या. राहिली होती ती गाठ.

"थांबा," बाई म्हणाल्या. "गाठ आता वृषभाच्या दोन शिंगांच्या मध्ये आलीय. आणि यंदा गुरू तिथेच आहे! सोन्यासारखी जागा मिळाली की हो तुमच्या गाठीला."

काकांना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी गाठीला साय घातलेल्या दुधाचा रंग दिला, वर दोन फिकट तपकिरी पट्टे ओढले आणि खाली उतरून हात पुसले.

काकूंनी शिडी सोडली नाही. "पण ग्रह फिरतात म्हणे ना? मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी गुरू मिथुन राशीत," बाईंनी कबूल केलं. "साधारण वर्षाला एक रास."

काकांनी हात पुसलेलं फडकं खांद्यावर टाकलं. मग पुन्हा वर चढले आणि छिन्नी लावली. गिलाव्याचा सुपाएवढा तुकडा बाईंच्या मांडीवर आला. छत दुरुस्त व्हायला आणखी आठवडा गेला. गुरू आता पुठ्ठ्याचा झाला, चिकटपट्टीने लावायचा, म्हणजे हवा तेव्हा हलवता येईल.

तो फार दिवस टिकला नाही. एका दुपारी काका कामावर असताना घरी फोन आला. काकूंनी उचलला.

"काकू, मी दातांची डॉक्टर. काकांना सांगा, गुरू पडला."

"अगं बाई! कोणते गुरुजी? लागलं का फार?"

"लागलं नाही, पेशंटच्या छातीवर पडला."

"बाई गं! आणि पेशंट?"

"पेशंट घाबरून उठला, त्याच्या पायाखाली आला."

काकूंनी फोन ठेवला आणि थेट दवाखाना गाठला. एका गुरुजींना पेशंटने तुडवलंय आणि डॉक्टरीण इतकी शांत कशी, हे त्यांना काही केल्या कळेना. दारातून आत आल्या तर डॉक्टरणीने पुठ्ठ्याची चपटी चकती पुढे केली. काकूंनी ती घरी आणली आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवली. "तुमचे गुरुजी. चेंगरलेत."

काकांनी गुरू पातळ प्लायवूडचा केला आणि स्क्रूने बसवला.

त्यांच्या या नादाचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही, पण व्हायचा तसा झाला नाही. गल्लीत एवढंच पसरलं की काकांना ग्रहांचं कळतं. लोक घरी यायला लागले. कुणाच्या मुलाला नोकरी लागत नव्हती, कुणाचं भावाशी वाकडं होतं. पलीकडचा शिंपी तर रोज यायचा.

"काका, शनी माझ्या मागे लागलाय. काहीतरी सांगा."

"शनी?" काका म्हणाले. "अरे, त्याला एका राशीतून दुसरीत जायला अडीच वर्षं लागतात. इतक्या सावकाश कुणी मागे लागतं का? तू चालत गेलास तरी सुटशील."

शिंप्याचं समाधान झालं नाही, म्हणून पुढे शनी संध्याकाळचा दिसायला लागला तेव्हा काकांनी त्याला धरून गच्चीवर नेलं. बाईंनी दुर्बीण लावून ठेवली होती. शिंप्याने भीत भीत एक डोळा लावला. काळ्या कापडावर इवलासा पिवळा मणी, त्याच्याभोवती कडं, नीट शिवल्यासारखं, कुठेही न टेकलेलं. शिंपी बराच वेळ हलला नाही. मागे रांग खोळंबली.

"हा?" तो शेवटी म्हणाला. "हा एवढासा? गोड आहे हो." आणि मग हळूच, "फिनिशिंग काय आहे!"

काकूंनी पाहिलं आणि दुर्बिणीच्या पुढच्या टोकावर बोट फिरवलं. कुणी चित्र चिकटवलंय का, याची त्यांना खात्री करायची होती.

आता काकांच्या धंद्यालाच आकाशाचा त्रास व्हायला लागला आहे. परवा एका नव्या इमारतीतल्या बाईंनी त्यांना मुलीच्या खोलीचं छत दाखवलं. "काही विशेष नको," त्या म्हणाल्या. "निळा रंग आणि वर थोडे तारे शिंपडा."

"शिंपडू? कुठल्या महिन्यातले?"

"महिना? कुठलाही."

"असं कसं? मे महिना म्हटलं तर स्वाती, चित्रा येणार. जानेवारी म्हटलं तर मृग. आणि वेळ कोणती धरू? संध्याकाळची की पहाटेची?"

"अहो, लहान मुलगी आहे. तिला काय कळतंय?"

"आज नाही कळत. पण रोज झोपताना वर बघणार ती. दहा वर्षं चुकीचं आकाश बघेल, त्याचं काय?"

त्या बाईंनी कपाळाला हात लावला. "मग असं करा, ढग काढा. ढगांना तरी महिना नसेल ना?"

काका ढग काढायला तयार झाले. रंग कालवून शिडीवर चढले, ब्रश बुडवला आणि तो हवेतच धरून खाली वळले.

"कुठले? पावसाचे की नुसते पांढरे?"